मागे कोण राहणार

खलिफा सिटी, अबू धाबी
६ नोव्हेंबर २०२५

प्रज्ञाताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न उघडताच कपाटावर टाकाल अशी भीती आहे. म्हणून आधीच सांगते, हे माझ्याबद्दल नाही, पर्णिकेबद्दल आहे. तेवढं तरी वाचा.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय त्याबद्दल तक्रार नाही. भानुदास सुतार उद्या सुट्टीवर निघालाय, तो गुहागरला उतरला की घरी जायच्या आधी तुमच्याकडे येईल. त्याच्याबरोबर खजूर दिलेत. बियांसकटचे, तुम्हाला बिया काढलेले आवडत नाहीत ते लक्षात आहे.

या आठवड्यात तुळशीचं लग्न केलं. बाल्कनीतल्या कुंडीपुढे आम्ही दोघीच. अक्षता टाकून झाल्यावर पर्णिका म्हणाली, "आई, मला बाबांचं वृंदावन बघायचंय. पुण्याला कॉलेजला जायच्या आधी. आय हॅव अ प्लॅन."

तुम्हाला सुदेश दरवर्षी त्या खडकाचा फोटो पाठवायचा. कमरेत बारीक, वर रुंद, वाऱ्याने चारी बाजूंनी घासून काढलेला. नकाशावर त्याला नाव नाही. रुवैसहून आत, घयाथीच्या रस्त्यावरून डावीकडे वळून वाळूत वीस-बावीस किलोमीटर. "ताईच्या अंगणातलं वृंदावन इथे येऊन बसलंय, फक्त तुळस वाळलीय," असं तो म्हणायचा. त्याच खडकापासून चार किलोमीटरवर तो सापडला. आणि आता त्याची मुलगी तिथे जाणार म्हणते.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत विसरेल. पण तिने लॅपटॉपवर मोठा तक्ता केलाय. तारीख शनिवार, १७ जानेवारी. गाड्या दोन, एक रुतली तर दुसरीने ओढायची. माणशी दहा लिटर पाणी, फावडं, दोर, टायरमधली हवा किती उतरवायची तो आकडा. शेवटचा रकाना होता, 'मागे कोण राहणार'. मी विचारलं हे काय. ती म्हणाली, असा नियमच असतो. वाळवंटात जाताना एका माणसाला मागे ठेवायचं, ज्याला आपण कुठे चाललोय आणि किती वाजता परतणार ते ठाऊक आहे. वेळ टळली की त्याने थांबायचं नाही, लगेच पोलिसांना फोन करायचा.

तो रकाना रिकामा होता. "माझं नाव घाल," मी म्हटलं.

"तू तर येतेयस ना," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात निघून गेले.

अडचण एवढीच आहे की खडकाची नेमकी जागा कुणालाच सांगता येत नाही; तेव्हा शोधायला गेलेले पोलिसांच्या गाडीमागून गेले होते. जागेची खूण म्हणून टाकलेला पिन सुदेशच्या फोनमध्ये असेल असं तिचं म्हणणं. पोलिसांनी परत दिलेला तो फोन माझ्या कपाटात आहे, त्यांच्याच प्लास्टिकच्या पिशवीत. मी तिला सांगितलं, तो उन्हाने खराब झालाय, चालू होत नाही. तुम्हाला विचारलं तर तुम्हीही तेच सांगा.

आणि तिला नाही म्हणा, ताई. माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल.

तेराव्याला तुम्ही मला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं आहे. त्याचा फोन लागला नाही. त्यापुढे माझ्याकडे काही नाही.

संपदा


२९ नोव्हेंबर २०२५

प्रज्ञाताई,

हे पत्र नेणारं सध्या कुणी नाही. लिहून ठेवते.

तुम्ही पर्णिकेला फोन केलात. तिने मुद्दाम स्पीकरवर ठेवला. मी शेजारच्या खोलीत तिच्या शाळेच्या शर्टाला इस्त्री करत होते. साडेतीन वर्षांनी तुमचा आवाज ऐकला. थोडा बसलाय. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटीच घेता ना?

मी वाट पाहत होते तुम्ही नाही म्हणायची. तुम्ही म्हणालात, "खडकाने काय कुणाला खाल्लंय? जा. पाणी सांगितलंय त्याच्या दुप्पट घे."

"आत्या, आई इज स्केअर्ड," पर्णिका म्हणाली.

"मग तिलाही घेऊन जा."

"ती नाही येणार."

मग म्हणालात, "तिला म्हणावं, माझा एक प्रश्न बाकी आहे. कुठला, ते तिला ठाऊक आहे."

शर्टाच्या कॉलरला बदामी डाग पडला तेव्हा मी इस्त्री उचलली.

तेव्हापासून मला घरात बसवत नाही. खोलीतला एसी मधूनमधून आपोआप थांबतो आणि शांतता होते, तेव्हा मी हातातलं काम सोडून तो पुन्हा सुरू व्हायची वाट बघते. शाळेच्या लायब्ररीत सहावीची मुलं वाळवंटाच्या पुस्तकासाठी येतात. त्यातलं उंटाचं चित्र मी त्यांना दाखवते आणि पुढचं पान पटकन उलटते. पुढच्या पानावर नुसती वाळू आहे. पर्णिकेच्या खोलीबाहेर पाण्याचे बॉक्स येऊन पडलेत. जाता-येता ते मी मोजते आणि दर वेळी मला ते कमी वाटतात.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की फोन चालू होत नाही. खरं म्हणजे मी तो कधी चार्जिंगला लावलाच नाही. काल दुपारी पर्णिका क्लासला गेली होती, तेव्हा पिशवी घेऊन खाली गेले. बिल्डिंगमागे कचऱ्याचा मोठा डबा आहे. झाकण उघडून उभी राहिले. रखवालदार फिरदोस म्हणाला, "मॅडम, ठेवा तिथेच, मी टाकतो." त्याने हात पुढे केला आणि मी पिशवी छातीशी धरून तशीच वर आले. तो काय समजला असेल कोण जाणे.

पुन्हा कपाटात ठेवलाय. किल्ली साखरेच्या डब्यामागे.

संपदा


२१ डिसेंबर २०२५

प्रज्ञाताई,

आज समाधान जेवायला आला होता. तुम्हाला तो आठवत असेल, सुदेशच्या प्लांटमधला, शवपेटीबरोबर गावापर्यंत आला होता तो. अजून रुवैसलाच आहे. दुसरी गाडी तो चालवणार. मी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. वाटलं, वाळूची माहिती असलेला माणूस आहे, पोरीला घाबरवेल.

त्याने आधी पाण्याचे बॉक्स बघितले, मग दोर हातात घेऊन ओढून पाहिला. "पोरीने काम परफेक्ट केलंय, वहिनी," म्हणाला. "मी प्लांटमध्ये शटडाउनला एवढी तयारी बघितली नाही."

"मग धोका काहीच नाही म्हणतोस?"

"धोका कसा नाही? रेती आहे ती. आज टेकडी इथे, उद्या तिथे. पण जानेवारी आहे, दोन गाड्या आहेत, सॅटेलाइटवालं मशीन भाड्याने घेतलंय. सुदेशभाईंकडे यातलं काय होतं? मे महिना, एकटा माणूस, दोन बाटल्या पाणी." मग त्याला पर्णिका समोर आहे हे आठवलं. "सॉरी हां, बेटा."

"इट्स ओके, काका. मला सांगा. तुम्ही शोधायला गेलात तेव्हा काय दिसलं?"

मी वरण वाढायला उठले. पण ऐकू आलंच. समाधान म्हणाला, पोलिसांची गाडी चाकांच्या खुणा धरत रविवारी सकाळी खडकापाशी पोचली. सुदेशची गाडी बोनेट उघडून उभी होती, रेडिएटर फुटलेला. काचेखाली पासिंगचा कागद होता, आदल्या सकाळी सव्वाआठचा. आणि खडकाच्या भोवती पावलं होती. "गोल. एक फेरी नाही, पाच-सहा. वृंदावनाला प्रदक्षिणा घालतात ना, तशी. इन्स्पेक्टर म्हणाला, सावली फिरते तसा माणूस फिरला असेल. सावलीत बसून राहिला असेल, कुणीतरी येईल म्हणून. मग दुपारी चालायला लागला."

वरणाची वाटी माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

कुणीतरी येईल म्हणून. ताई, साडेतीन वर्षं मला याच वाक्याची भीती होती. समाधान "यल्ला, निघतो," म्हणत रुवैसला निघून गेला, पर्णिका त्याला सोडायला खाली गेली, आणि मी हे लिहायला बसले आहे. ती वर यायच्या आत लिहून टाकते, नाहीतर होणार नाही.

फोन लागला नाही हे खोटं आहे. म्हणजे मी केलेला लागला नाही, ते खरं. पण त्याचा निरोप आला होता. पावणेबारा वाजता, व्हॉट्सॲपवर. दोनच शब्द.

गाडी खलास.

तो सकाळी साडेसहाला गाडीचं पासिंग करायला म्हणून घयाथीला गेला होता. दरवर्षी गाडी तपासून कागद नवे करून घ्यावे लागतात, ते. तिथून तो खडकाकडे वळेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आणि इथे खलास म्हणजे झालं. बिल भरलं, खलास. मीटिंग झाली, खलास. टॅक्सीवाला दारात उतरवून म्हणतो, पोरं गृहपाठ संपवून म्हणतात, सुदेश तर जेवून ताटावरून उठतानाही म्हणायचा. सोळा वर्षांत तो शब्द आमच्या तोंडात इतका रुळला होता की त्याचा दुसरा अर्थ मला आठवलाच नाही. मी समजले, पासिंग झालं. मी त्याला अंगठा पाठवला. एक पिवळा अंगठा. आणि पर्णिकेच्या परीक्षेचे प्रश्न काढत बसले.

तुमच्याकडे बल्ब खलास होतो, मोटर खलास होते, माणूस खलास होतो. तुम्हाला हा निरोप आला असता तर तुम्ही त्याच क्षणी आरडाओरडा करून अख्खी वाडी गोळा केली असती. म्हणूनच तेराव्याला तुमच्यापुढे तो शब्द उच्चारायचं धैर्य मला झालं नाही. दुसऱ्या कुणाला समजावता आलं असतं. तुम्हाला नाही.

सहा वाजेपर्यंत काय करत होतीस, असं तुम्ही विचारलं होतं. दोन वाजता आम्ही दोघी जेवलो. त्याचं ताट झाकून ठेवलं. तीन ते साडेचार मी झोपले. उठून फोन केला तर बंद. वाटलं, बॅटरी गेली असेल, मित्राकडे बसला असेल. सहा वाजता समाधानला फोन केला, आणि तो म्हणाला, "कुठला मित्र, वहिनी? मे महिन्यात इथे कोण आहे? सगळे सुट्टीवर गावी." तेव्हा मी तो निरोप पुन्हा वाचला. दुसऱ्या अर्थाने.

आता सगळ्यात वाईट ते सांगते. समाधान दारात यायच्या आधी मी तो निरोप पुसून टाकला. माझा अंगठाही. पुसताना दिसलं, अंगठ्यापुढच्या दोन खुणा निळ्या झाल्या होत्या. म्हणजे त्याने तो बघितला होता. बायकोला कळलंय, ती माणसं पाठवतेय, असं समजून तो त्या खडकाच्या सावलीत बसून राहिला असेल. सावली सरकेल तसा सरकत. माझ्या अंगठ्यावर विसंबून.

माझ्या फोनमधून पुसलं तरी त्याच्या फोनमध्ये ते आहेच. म्हणून तो पर्णिकेच्या हाती लागायला नको आहे. ती मला आई म्हणते, ताई. जगात तेवढं एकच माणूस उरलंय.

लिफ्ट आली वाटतं.


१२ जानेवारी २०२६

प्रज्ञाताई,

न पाठवलेली दोन आणि हे, अशी तिन्ही पत्रं या पाकिटात आहेत, तारखांप्रमाणे वाचा. लायब्ररीतली शालिनी उद्या चिपळूणला माहेरी निघालीय. गुरुवारपर्यंत पाकीट तुमच्या हाती देईन असं तिने कबूल केलंय. ते गुरुवारी पोचायलाच हवं, का ते शेवटी कळेल.

काल सकाळी मी पर्णिकेला समोर बसवलं. कपाट उघडून पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "हा फोन खराब नाही. मी खोटं बोलले होते. यात एक गोष्ट आहे, ती तू माझ्याकडून ऐक."

तिने पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. "आई, आय नो," म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"सगळं. मी जूनमध्ये चार्ज केला होता. किल्ली तू साखरेच्या डब्यामागे ठेवतेस. पासवर्ड माझा बर्थडे होता."

"आणि पिन?"

"पिन माझ्याकडे तेव्हापासून आहे."

"मग एवढे दिवस फोन कशाला मागत होतीस?"

"तू स्वतः द्यावास म्हणून." तिचा आवाज बदलला. "आय वॉज वेटिंग, आई. सात महिने."

मला तिच्याकडे बघवेना. मी डाळीतले खडे निवडावेत तशी बोटं फिरवत राहिले, टेबलावर काहीही नसताना. ती म्हणाली, आधी तिला त्या निरोपात काही विशेष वाटलंच नव्हतं. गाडी खलास म्हणजे डन. मग खालचं वाचलं तेव्हा कळलं.

"खालचं म्हणजे?" मी विचारलं. माझ्या माहितीप्रमाणे अंगठ्याखाली काहीच नव्हतं.

तिने फोन चालू करून माझ्यापुढे धरला. सुदेशच्या फोनमध्ये माझ्या अंगठ्याखाली आणखी एक ओळ होती. तिच्यापुढे खूण नव्हती, घड्याळाचं छोटं चित्र होतं. लिहिलेला पण न गेलेला निरोप. अकरा त्रेपन्नचा.

"पासिंग नाही गं. गाडी बंद पडलीय. वृंदावनापाशी आहे. समाधानला"

तेवढंच. समाधानला, आणि पुढे काही नाही. घाईत तसाच पाठवला असावा.

ताई, अंगठा बघताक्षणी त्याला कळलं होतं मी काय समजले ते. आठ मिनिटंसुद्धा लागली नसतील. रागाचा एक शब्द नाही. नाही गं, असं, जसं मीठ समजून साखर आणली की म्हणायचा.

"बाबा वाट बघत नव्हते," पर्णिका म्हणाली. "इन्स्पेक्टरला फोनमधलं माहीत नव्हतं, म्हणून त्याला सावली वाटली. बाबा रेंज शोधत फिरत होते. हात वर करून. मग रस्त्याकडे चालायला लागले, कारण त्यांना माहीत होतं, कोणी येणार नाहीये."

कोणी येणार नाहीये हे माहीत असणं, हे मी कल्पिलेल्या गोष्टीपेक्षा बरं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. काल दिवसभर नाही, आज नाही. एवढंच कळलं की मी साडेतीन वर्षं ज्या माणसाला घाबरले, खडकाला टेकून माझ्यावर विसंबून बसलेल्या माणसाला, तो तिथे नव्हताच.

मी तिला म्हटलं, "तुला माझा राग नाही आला?"

"आला ना. जूनमध्ये खूप. यू रिमेंबर, मी महिनाभर तुझ्याशी नीट बोलत नव्हते? तू म्हणालीस बारावीचं टेन्शन." मग म्हणाली, "पण आई, मला आला असता तो मेसेज, तर मीपण थंब पाठवला असता. मी तर फर्स्ट रीडिंगला तेच समजले. आपण इथलेच ना."

तेव्हा मी रडले.

आणि मग मी जायचं ठरवलं. भीती गेली म्हणून नाही. ती आहे तशीच आहे. खाली एक मुलगा कुणाची तरी कार धुतोय, पाण्याचा नुसता आवाज येतोय तरी धस्स होतं. पण पर्णिका तिथे जाऊन उभी राहणार आणि मी इथे फोन हातात धरून बसणार, हे माझ्याच्याने पुन्हा होणार नाही. मागे राहायला मी नालायक ठरलेय.

म्हणून आता तुमच्याकडे मागणं. माफी नाही मागत, तुम्ही पत्रं वाचाल, मग तुमचं तुम्ही ठरवा. तेराव्याच्या प्रश्नाचं उत्तर आता तुमच्याकडे आहे. पण पर्णिकेच्या तक्त्यात तो रकाना अजून रिकामा आहे. छापलेल्या प्रतीवर मात्र तिने मला न विचारता पेन्सिलने तिथे नाव लिहिलंय, 'प्रज्ञा आत्या'. पक्कं करायचं तुमच्या हातात आहे. तेवढ्यापुरता तरी माझा नंबर उघडा. किंवा तिचा तर चालूच आहे.

शनिवारी पहाटे पाचला आम्ही निघू. खडकापाशी साडेदहापर्यंत. इथे साडेदहा म्हणजे तुमच्याकडे बारा. एक वाजता परत फिरू, आणि डांबरी रस्त्याला लागलो की निरोप करू. इथले चार, तुमचे साडेपाच. पाकिटाच्या मागे पिनचे आकडे, समाधानचा नंबर आणि इथल्या पोलिसांचा नंबर लिहिलाय. भारतातून लावायचा कसा तेही. साडेपाच वाजून गेले आणि निरोप आला नाही, तर बॅटरी गेली असेल असं म्हणू नका. कुणाकडे बसल्या असतील असं म्हणू नका. फोन करा.

मी तुळशीचं एक रोप बरोबर घेतेय. तिथे लावणार नाही, जगायचं नाही. फक्त खडकावर क्षणभर ठेवून परत आणेन, सुदेशच्या विनोदाला उत्तर म्हणून.

आमचा निरोप पूर्ण वाक्यात येईल. 'आम्ही तिघं रस्त्याला लागलो, गाड्या चालू आहेत, पाणी शिल्लक आहे,' असा. हे मी पर्णिकेकडून आणि समाधानकडून वदवून घेतलंय, दोघंही हसले. त्याऐवजी एखाददुसरा शब्द आला, तर आमच्या अर्थाने घेऊ नका, ताई. तुमच्या अर्थाने घ्या.

तुमची
संपदा